लीहाय शहरात राहायला येताय, तर शेजारणींविषयी थोडं सविस्तर

तुम्ही लिहिलंय की नवऱ्याच्या नोकरीसाठी पुण्याहून अमेरिकेच्या यूटा राज्यातल्या लीहाय शहरात यायचं ठरतंय, एच-४ म्हणजे जोडीदाराच्या व्हिसामुळे तुमची नोकरी सुटणार आणि आजूबाजूला सगळी मॉर्मन, म्हणजे येशूला मानणाऱ्या एका अमेरिकी पंथाची, कुटुंबं. त्या बायका धर्मात ओढतील का आणि पगाराशिवाय आपली किंमत काय, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

त्यांचा प्रेमळपणा खरा आहे, हे आधी सांगते. माझ्या बाळंतपणात शेजारणीने "तुला काय चालत नाही?" एवढंच विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी कोणीतरी गरम जेवण घेऊन दारात. काचेच्या भांड्याच्या तळाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे परत करताना घोळ नको. यामागे जुनी घडी आहे. त्यांच्या बायकांची रिलीफ सोसायटी १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉयमधल्या नॉवू गावी सुरू झाली, एमा स्मिथ पहिल्या अध्यक्ष. आजही ठरावीक घरांची विचारपूस एकेकीकडे सोपवलेली असते. शाकाहारी असाल तर मात्र नीट सांगा: त्यांच्या लाडक्या बटाट्याच्या कॅसरोलमध्ये (भट्टीत भाजलेल्या पदार्थात) बऱ्याचदा चिकनचं सूप असतं आणि जेलो नावाच्या गोड जेलीत प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन.

चर्चचं आमंत्रण येणारच. "आम्ही आमच्या धर्मात सुखी आहोत, मैत्री मात्र हवी आहे," असं हसून, एकदाच, ठामपणे सांगा. भिडेपोटी "बघू" म्हणालात तर पुन्हा विचारणा होईल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. माझ्या नकारानंतर दोघीतिघींचं येणं कमी झालं, वाईटही वाटलं. ज्या टिकल्या त्यांच्यातली एक साउथ जॉर्डनच्या गणेश मंदिरात माझ्यासोबत येते आणि मोदकाच्या कळ्या माझ्यापेक्षा सुबक काढते.

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा आहे. गर्वाला त्या फार घाबरतात. त्यांच्या चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष एझ्रा टाफ्ट बेन्सन यांचं १९८९ मधलं गर्वाविरुद्धचं भाषण अजून निघतं. कौतुक केलं की संकोचतात. पण त्याच घरातल्या मुली "मी स्वर्गीय मातापित्यांची लाडकी लेक आहे" हे एकत्र उभ्या राहून म्हणतात. आमच्या गल्लीतल्या आजींनी कधी पगार घेतला नाही, तरी स्वतःची ओळख करून देताना "मी नुसती घरीच असते" असं त्यांच्या तोंडून निघत नाही. नोकरी सुटल्यावर मला याचा फार आधार झाला.

सगळं गोड नाही. पुरोहितपद बायकांना मिळत नाही. घर, मुलं, सेवा सगळं हसतमुखाने निभावायचं ओझं मोठं. एक मैत्रीण माझ्या ओट्याशी उभी राहून "मी कितीही केलं तरी पुरत नाही" म्हणत रडली आहे. पण यांच्याच पणज्या-खापरपणज्यांनी १८७० मध्ये मतदान केलं, १८८७ मध्ये अमेरिकेच्या संसदेने तो हक्क काढून घेतला आणि १८९६ मध्ये यूटाला राज्याचा दर्जा मिळाल्यावर तो परत आला. त्याच वर्षी डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या, त्याच निवडणुकीत उभा असलेला त्यांचा नवरा हरला. असा ताठ कणा मला आवडतो.

एच-४ वर शिकता येतं, स्वयंसेवाही करता येते. येण्याआधीच कॉलेजांची चौकशी करा. आणि नुसतं घेत राहू नका, त्यांनाही घरी बोलवा. चहा-कॉफी त्यांना चालत नाही, तेव्हा सामानात कोकम आगळाची बाटली टाका.