देवाची इच्छा ओळखायला गिदोनासारखी लोकर टाकावी का?

तुमचा प्रश्न असा की, बंगळूरची नोकरी आलीय, प्रार्थना करूनही काही खूण मिळत नाही, तर गिदोनासारखी लोकर टाकून बघू का?

टाकू नका. बायबलमधलं शास्ते 6 परत वाचा. शत्रूशी लढायचं, हे देवाने गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. लोकर नंतरची: ती रात्री खळ्यात ठेवून त्याने खूण मागितली, की दव फक्त लोकरीवर पडावं, जमीन कोरडी राहावी. ती पिळून वाटीभर पाणी निघालं, तरी गडी दुसऱ्या रात्री उलटी खूण मागतोच. त्याच्या धाकधुकीची आपण पद्धत करून टाकलीय.

मी तापून लिहितेय, कारण माझं लग्न याच वाटेने ठरत होतं. आत्याने नगरचं स्थळ आणलं. मुलगा बरा होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण आत्या म्हणाली, “प्रभूने मला दाखवलंय.” झालं, चर्चाच संपली. पप्पा गप्प, आई स्वयंपाकघरात. मी पगार विचारला तर विश्वास कमी, सासूचा स्वभाव विचारला तर देहस्वभाव, म्हणजे ऐहिक विचार, जास्त. शेवटी आत्याने डोळे मिटून बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. उत्पत्ती 24. आता त्या पानात कुणाची तरी जुनी लग्नपत्रिका खूण म्हणून घातलेली, पुस्तक तिथेच उघडणार! अब्राहामाचा सेवक इसहाकासाठी मुलगी शोधायला जातो ती गोष्ट: विहीर, उंट, पाणी पाजणारी रिबका. “बघ,” आत्या म्हणाली. मी म्हटलं, आत्या, खाली 57-58 पण वाच. मुलीला बोलावू, तिच्याच तोंडून ऐकू, असं घरचे म्हणतात. मग तिला विचारतात, या माणसाबरोबर जातेस का? खूण मिळाली, सेवकाने देवाचे आभारही मानले, तरी पोरीला विचारलंच. मला कुणी विचारलं होतं? मी नाही म्हटलं. आत्या अजूनही नातेवाइकांत सांगते की हिने देवाचा शब्द मोडला. मोडला तो आत्याचा शब्द.

नव्या करारातल्या पत्रांमध्ये ‘देवाची इच्छा’ येते ती बहुतेक वागणुकीबद्दल. 1 थेस्सलनी 4:3 मध्ये पवित्रीकरण, 5:18 मध्ये उपकारस्तुती. कुठलं शहर, कुठली कंपनी, याचा पत्ता नाही. विधवेच्या पुनर्विवाहाबद्दल पौल 1 करिंथ 7:39 मध्ये सरळ लिहितो की तिने हव्या त्याच्याशी लग्न करावं, फक्त प्रभूमध्ये. याकोब 1:5 ज्ञान मागायला सांगतो. यहूदाच्या जागी प्रेषित निवडताना मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकल्या, पण पुढच्याच अध्यायात पवित्र आत्मा उतरला आणि त्यानंतर नव्या करारात मंडळीने चिठ्ठ्या टाकून काही ठरवल्याचं दिसत नाही.

आणि एकाचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, घरातल्या दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 चा, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 चा. नवऱ्याला पटलं म्हणून त्या लगेच मागे गेल्या नाहीत.

दर्शनं होतच नाहीत असं मी म्हणत नाही, नाहीतर आमचे पाळकसाहेब रागावतील. पौलाला त्रोवस शहरात रात्री दर्शनात ‘इकडे येऊन मदत कर’ म्हणणारा मासेदोनियाचा माणूस दिसलाच की. पण प्रेषितांची कृत्ये 16:10 मध्ये त्यातून अर्थ काढला तो ‘आम्ही’, सोबत्यांनी मिळून. आणि 21 व्या अध्यायात शिष्य आत्म्याच्या प्रेरणेने त्याला यरुशलेमेस जाऊ नको म्हणतात, तरी तो जातोच. ज्याला जायचं होतं त्यानेच ठरवलं. आत्यांनी हेही वाचावं.

तुमच्या नोकरीचं म्हणाल तर पगार, घरभाडं, आईवडिलांकडे कोण बघणार, हे कागदावर मांडा. मंडळीतल्या दोघा-तिघा जाणत्यांशी बोला, त्यात एक तरी तुम्हाला तोंडावर ‘नाही’ म्हणणारा हवा. प्रार्थना करा, पण होकार कळवायची शेवटची तारीखही बघून ठेवा. ती चुकली तर ‘प्रभूने दार बंद केलं’ अशी साक्ष रविवारी देऊ नका.