सुरू होताना अडखळणारा डेस्कटॉप: आधी डिस्क पाहा

संगणक सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटे माऊसचा बाणसुद्धा अडखळत सरकत असेल, तर विंडोज नव्याने टाकण्याची घाई कृपया करू नका. तो अडखळत असतानाच कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि सीपीयू, मेमरी व डिस्क यांपैकी कोणता आकडा १०० टक्क्यांजवळ टेकला आहे, ते पाहा. विंडोज १० किंवा ११ जुन्या हार्ड डिस्कवर चालत असेल, तर बहुधा तो डिस्कचाच असतो. कारण मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कलाही प्रत्येक मागणीसाठी वाचनशीर्ष (माहिती वाचणारा भाग) जागोजागी हलवावे लागते, आणि सुरुवातीला अँटिव्हायरस, अपडेट व आपोआप उघडणारे प्रोग्रॅम तिच्यावर एकदम तुटून पडतात. त्यामुळे टास्क मॅनेजरमधल्या स्टार्टअपच्या यादीतील अनावश्यक प्रोग्रॅम बंद करा. अँटिव्हायरसला मात्र हात लावू नका.

एवढे करूनही संगणक बराच वेळ अडखळत राहिला, तर टास्क मॅनेजरच्याच परफॉर्मन्स या भागात डिस्कचा सरासरी प्रतिसादकाळ तपासा. वाचन-लेखन जेमतेम होत असताना हा काळ शेकडो मिलिसेकंदांवर राहत असेल, तर डिस्क निकामी होत असल्याची शंका घ्यावी आणि इतर कोणताही प्रयोग करण्यापूर्वी फोटो व कागदपत्रांची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी. त्यानंतर क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती तपासावी. डिस्क धडधाकट निघाली, तरी विंडोजसाठी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी, असेच मी आग्रहाने सुचवेन. रॅम, म्हणजेच मेमरी, वाढवण्याचा खर्च टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा रकाना खरोखर भरलेला दिसला तरच करावा.