आवड नसली, तरी प्रीती असते का?

प्रश्न : माझ्या सासूबाई दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचे अंग पुसणे, चादर बदलणे, पेज भरवणे हे सर्व मीच करते. मात्र त्यांचे टोचून बोलणे अजूनही थांबलेले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या मला कधीच आवडल्या नाहीत. रविवारच्या उपासनेत ‘शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर’ हे वचन कानी पडले की आपण ढोंग करीत आहोत असे वाटते. हे ढोंगच आहे का?
– एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ताई, हे ढोंग नाही. आवड ही आज्ञेने उत्पन्न होत नाही आणि येशूने ती मागितलेलीही नाही. त्याने वैऱ्यांवर प्रीती करण्यास सांगितले. वैरी आवडू लागला तर तो वैरी कसला?

प्रवचनांतून ‘अगापे’ म्हणजे दैवी प्रीती आणि ‘फिलिया’ म्हणजे मैत्रीचा स्नेह, असा ग्रीक शब्दांचा भेद सांगितला जातो. त्यावर फार विसंबू नये असे मला वाटते, कारण बायबलमधील जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दावीद राजाचा पुत्र अम्नोन याच्या सावत्र बहीण तामारेविषयीच्या वासनेलाही ‘अगापे’चेच क्रियापद वापरलेले आहे. प्रीतीचा अर्थ शब्दकोशापेक्षा लूकच्या शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातील येशूच्या दृष्टांतात अधिक स्पष्ट दिसतो. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी मारून टाकलेला जखमी मनुष्य शोमरोन्याला, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोन प्रांतातील माणसाला, आवडला की नाही, याचा तेथे उल्लेखही नाही. शोमरोन्याला त्याचा कळवळा आला, त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, त्याला स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी २ दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, काढून दिली.

तरीही नुसती कृती म्हणजे प्रीती, असे म्हणून मी तुमची समजूत काढणार नाही. आपले सर्व धन गोरगरिबांच्या अन्नासाठी दिले तरी प्रीतीवाचून त्याचा लाभ नाही, असे प्रेषित पौल करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १३व्या अध्यायात म्हणतो. म्हणजे हातांमागे काहीतरी असावेच लागते. ते म्हणजे समोरच्याचे भले व्हावे ही इच्छा. पेज भरवण्यापूर्वी ती फार गरम तर नाही ना, हे तुम्ही मनगटावर थेंब टाकून पाहत असाल, तर त्या क्षणी मनात राग असला तरी त्यांची जीभ भाजू नये असेच तुम्हाला वाटत असते. ही इच्छा खरी आहे. तिच्यातून पुढे माया उपजेल किंवा उपजणारही नाही, आणि न उपजल्यास तो तुमचा अपराध ठरत नाही.

मात्र त्याच अध्यायात प्रीती सत्याबरोबर आनंद मानते, असेही म्हटले आहे. म्हणून टोचणारे बोलणे मुकाट्याने गिळू नका. त्याने दुखावले जाते हे सासूबाईंना शांतपणे सांगा, आणि यजमानांना रोजची एक पाळी उचलायला लावा. शोमरोन्यानेही पुढची शुश्रूषा उतारशाळेच्या रखवालदारावर सोपवली होती, आणि परत येताना हिशेब चुकता करीन असे सांगून तो आपल्या वाटेला लागला होता.