नव्या वसाहतीत पायवाटा प्लॉट पाडण्याआधी आखाव्यात की नंतर?

आधीच आखा; प्लॉट पाडून झाल्यावर पायवाटेच्या वाट्याला उरतात ते कुंपणांमागचे अरुंद बोळ, आणि तिथे कुणी फिरकत नाही. ओढ्यानाल्यांच्या काठची जागा बांधकामातून बहुधा वगळावीच लागते, मुख्य वाट तिथून, पूररेषेच्या वरून न्या. मग बंद गल्ल्यांची टोकं तिला जोडा. शाळेचा, बसथांब्याचा लांबचा वळसा वाचतो, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच. चढ २० फुटांना १ फुटापेक्षा जास्त नको, नाहीतर व्हीलचेअर ढकलणं जड जातं. सायकलीही येणार असतील तर रुंदी ३ मीटर ठेवा. मात्र बागेतल्या लहान वाटा लगेच पक्क्या करू नका. लोक राहायला आल्यावर गवतात जिथे पाऊलवाटा पडतील, तिथेच फरसबंदी करा.