उत्तर भारतातील शेजाऱ्यांचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी कसा सुरू होतो? खरा श्रावण कोणाचा?

दोघांचाही श्रावण खरा आहे, कारण आकाशातला चंद्र दोघांसाठी एकच असून फरक केवळ महिना कोठे संपवायचा, एवढाच आहे. महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक, आंध्र आणि तेलंगण येथे महिना अमावास्येला संपतो, म्हणून या पद्धतीला अमान्त म्हणतात. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेश अशा भागांत तो पौर्णिमेला संपतो, म्हणून ती पूर्णिमान्त. त्यामुळे गुरुपौर्णिमा झाली की तुमच्या शेजाऱ्यांचा श्रावण लागतो आणि आपल्याकडे मात्र आषाढाचा वद्य पक्ष चालू असतो. हरिद्वारहून गंगाजल नेणारे कावडिये ज्या दिवसांत रस्त्यावर असतात, त्या दिवसांत मराठी घरांत आखाडच असतो. पुढे दिव्याच्या अवसेनंतर आपला श्रावण सुरू होतो आणि नारळी पौर्णिमेपर्यंतचा शुक्ल पक्ष दोघांनाही श्रावण म्हणूनच लाभतो. त्यांचा श्रावण तिथे संपतो, आपला पिठोरी अमावास्येपर्यंत चालतो.

यातून असे दिसते की शुक्ल पक्षात महिन्याच्या नावाचा वाद उद्भवतच नाही आणि वद्य पक्षात उत्तरेकडचे नाव एक महिना पुढचे असते. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला, तर मथुरेत भाद्रपद कृष्ण अष्टमीला असते. महाशिवरात्र आपली माघातली, त्यांची फाल्गुनातली. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आपल्या आश्विनातली, त्यांच्या कार्तिकातली. एखाद्या वर्षी तिथी कोणत्या वेळेची धरावी यावरून एका दिवसाचा फरक पडतो, पण तो प्रश्न वेगळा. एरवी हे सण एकाच दिवशी येतात. श्रावणी सोमवारांत फरक जाणवतो, कारण ते व्रत एका तिथीचे नसून महिन्याचे आहे.

गंमत अशी की पूर्णिमान्त पद्धतीत चैत्राचा कृष्ण पक्ष होळीनंतर लगेच सुरू होतो, पण विक्रम संवताचे नवे वर्ष मात्र चैत्र शुक्ल प्रतिपदेला, म्हणजे आपल्या गुढीपाडव्यालाच बदलते. परिणामी तिकडे अर्धा चैत्र जुन्या वर्षात जातो. माझ्या मते हिशेबाला अमान्त पद्धत अधिक सुटसुटीत आहे, आणि अधिक मास दोन्हीकडे शुक्ल प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतच धरतात, हे त्याचे एक कारण. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, तेव्हा उत्तरेत निज, म्हणजे नेहमीच्या, श्रावणाचे दोन पक्ष अधिक मासाच्या दोन बाजूंना विभागले गेले.

सगळेच भेद मात्र नावापुरते नसतात. वटसावित्रीचे व्रत आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला असते, तर बिहार व उत्तर प्रदेशातील बऱ्याच भागांत ते त्यांच्या ज्येष्ठ अमावास्येला, म्हणजे आपल्या वैशाख अमावास्येला होते. येथे दिवसच पंधरवड्याने बदलतो. यासाठी उत्तरेपर्यंत जाण्याचीही गरज नाही, कारण महाराष्ट्रातच विदर्भ-मराठवाड्यात श्रावण अमावास्येला पोळा असतो, तर कोल्हापूर-सांगलीकडे बैलांचा सण बेंदूर म्हणून आषाढातच होऊन जातो.

सासर-माहेरच्या पद्धती वेगळ्या असल्यास व्रत ज्या घरच्या परंपरेचे असेल, त्या भागाचे पंचांग पाहावे. सोमवार मात्र दोन्ही पंचांगांतून निवडून जुळवू नयेत.