क्रिमिनल जस्टिसमध्ये एमएस: कर्जावर सही करण्याआधी

नमस्कार,

तुमची मुलगी मानसशास्त्रात बीए झाली आहे. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात तिला क्रिमिनल जस्टिसच्या, म्हणजे गुन्हे आणि न्यायव्यवस्थेच्या अभ्यासाच्या एमएसला प्रवेश मिळालाय आणि पुढे एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेत जायचं ती म्हणते. शैक्षणिक कर्ज काढण्याआधी तुम्ही विचारलंय, ही पदवी तिला तिथवर नेईल का?

नाही नेणार. एफबीआयमध्ये नोकरीसाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतं आणि विद्यार्थी व्हिसावर गेल्याने ते मिळत नाही. शिक्षणानंतर तिथे काम करण्याची परवानगी साधारण १२ महिन्यांची असते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांना आणखी २४ महिने मिळू शकतात. फॉरेन्सिक सायन्स आणि सायबर फॉरेन्सिक्स त्या यादीत आहेत, सर्वसाधारण क्रिमिनल जस्टिस नाही. विद्यापीठाकडून आलेला आय-२० फॉर्म (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) काढा आणि विषयाच्या नावापुढचा कोड बघा. तिथे ४३.०१०४, म्हणजे सर्वसाधारण क्रिमिनल जस्टिसचा कोड असेल तर कर्जाचं गणित त्या १२ महिन्यांवरच मांडा.

अभ्यासाबद्दलही तिच्याशी मोकळेपणाने बोला. नाव ऐकलं की मुलांच्या डोळ्यांसमोर तपास आणि चौकशीची खोली येते. वर्गात मात्र गुन्हेगारीचे सिद्धांत, संशोधन पद्धती आणि बरंचसं संख्याशास्त्र असतं. एखाद्या भागात गस्त वाढवली, चोऱ्या कमी झाल्या. पण त्या खरंच थांबल्या की शेजारच्या वस्तीत सरकल्या, हे आकड्यांवरून शोधायचं. मला हा विषय फार मोलाचा वाटतो. पण आकडेमोडीचा कंटाळा असेल तर दोन वर्षं जड जातील.

तिला वर्दीच हवी असेल, तर यूपीएससीतून आयपीएस किंवा एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक हे रस्ते कुठल्याही शाखेच्या पदवीधराला खुले आहेत. वेगळी एमएस लागत नाही. सरकारी वकील व्हायचं असेल तर एलएलबी.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं: कॉलेजच्या प्रकल्पासाठी ती बालगृहातल्या मुलांशी बोलायला गेली आणि नंतर स्वतःहून जात राहिली. एफबीआयपेक्षा मला हे जास्त बोलकं वाटतं. अशा मुलीला मी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतला गुन्हेगारीशास्त्र आणि न्याय या विषयातला समाजकार्याचा एमए आधी बघायला सांगेन. संस्थेचाच 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत काम करतोय.

या कामाची गरज किती आहे बघा. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकालच न लागलेले. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस आतच राहतो. मग कुणीतरी त्याची फाइल काढतं, गावी फोन लावतं, ज्याच्याकडे कागदपत्रं आहेत असा नातेवाईक शोधून त्याला कोर्टापर्यंत आणतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या कलम ४७९ प्रमाणे, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, तर त्याला बंधपत्रावर, म्हणजे कोर्टात हजर राहण्याच्या लेखी हमीवर सोडायचं असतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले सुरू असलेले कैदी यातून वगळलेत. ते दिवस मोजून अर्ज वेळेवर कोर्टात जातोय ना, याचा पाठपुरावा करणारी माणसं कमी आहेत.

पगार सुरुवातीला बेताचाच असतो आणि बरीच पदं प्रकल्पापुरती असतात. हे तिला आत्ताच सांगा, लपवू नका.

आणि एवढं सगळं ऐकूनही तिला संशोधनासाठी अमेरिकेलाच जायचं असेल, तर अडवू नका. फक्त विद्यापीठाला ईमेल करून दोन गोष्टी विचारा: शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिप (विभागात शिकवण्या-संशोधनाला मदत करून मिळणारं मानधन) मिळेल का, आणि गेल्या दोन वर्षांत या विभागातून बाहेर पडलेले परदेशी विद्यार्थी आज कुठे काम करतात. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या. लेखी उत्तर येईपर्यंत बँकेच्या कागदांवर सही करू नका.