प्रीतीश नंदी : कवी, संपादक, खासदार... एकच माणूस का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी सांगलीत जर्नलिझमच्या सेकंड इयरला आहे. बाबा सांगतात की दूरदर्शनवर प्रीतीश नंदींचा मुलाखतींचा शो असायचा. मी शोधायला गेलो तर कोणी त्यांना कवी म्हणतं, कोणी संपादक, कोणी फिल्म प्रोड्युसर, कोणी शिवसेनेचे खासदार. हा सगळा एकच माणूस का? बंगाली माणूस शिवसेनेकडून कसा काय गेला? आणि मला मुलाखती घ्यायच्यात, तर त्यांच्याकडून काय शिकू?

उत्तर : हो रे, एकच माणूस. बाबांना माझा नमस्कार सांग, आमच्याकडेपण तो शो आवडीने बघायचे.

जन्म १५ जानेवारी १९५१, भागलपूर. गाव बिहारमधलं, पण बंगाली कुटुंबं तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, अशोककुमारचा जन्मपण तिथलाच. नंदी शिकले मात्र कलकत्त्यात, ला मार्टिनियर शाळा आणि मग प्रेसिडेन्सी कॉलेज, ते त्यांनी अर्ध्यावरच सोडलं. १९६७ ला इंग्रजी कवितांचं पहिलं पुस्तक आलं, म्हणजे वय जेमतेम सोळा! ते काढलं पी. लाल यांच्या रायटर्स वर्कशॉपने, ही छोटीशी प्रकाशनसंस्था, पुस्तकांना हातमागाच्या साडीच्या कापडाची बांधणी करायची. १९७७ ला पद्मश्री मिळाली तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते. आणि याच काळात ते बंगाली कवींचे इंग्रजीत अनुवाद करत होते, हे लक्षात ठेव, कारण मला मनापासून वाटतं की त्यांच्यातला मुलाखतकार तिथे घडला. अनुवाद करताना आपला आवाज खाली ठेवून दुसऱ्याचा ऐकावा लागतो ना.

मग मुंबई, टाइम्स ग्रुप. १९८३ ते १९९१ ते इलस्ट्रेटेड वीकलीचे संपादक होते. १८८० पासूनचं साप्ताहिक, खुशवंतसिंगांनी गाजवलेलं, त्या खुर्चीत बसणं सोपं नव्हतं. त्यांनी घेतलेल्या मुलाखतींमधली माझी सगळ्यात आवडती किशोरकुमारची, १९८५ ची. किशोरदा त्यात सांगतात की मला अॅक्टिंग कधी करायचीच नव्हती, फक्त गायचं होतं, त्यातून सुटायला मी नाही नाही ते उद्योग केले, आता मुंबई सोडून माझ्या गावी, खंडव्याला जायचंय. मग एक इंटिरियर डेकोरेटर ऐन उन्हाळ्यात थ्री-पीस सूट घालून आला होता त्याची गोष्ट येते, त्याला म्हणे सांगितलं की हॉलमध्ये पाणी भरा, त्यात छोट्या होड्या सोडा आणि भिंतींवर चित्रांऐवजी जिवंत कावळे टांगा, तो बिचारा पळालाच. पुढे अंगणातल्या झाडांची नावं घेऊन ओळख करून देतात, हेच माझे मित्र म्हणून. आता बघ, दुसरा कोणी असता तर मध्येच हसला असता किंवा "वेडा आहे" असं रंगवून लिहिलं असतं. नंदी बोलू देतात. त्यामुळे गंमत वाचता वाचता त्या माणसाचा एकटेपणा आपल्याला भिडतो, माझ्या तर दरवेळी डोळ्यात पाणी येतं.

दूरदर्शनचा शो नव्वदच्या दशकातला. तेव्हा प्रायव्हेट चॅनेल नुकते कुठे येत होते, त्यामुळे समोरासमोर बसून निवांत मारलेल्या गप्पांना घराघरात प्रेक्षक होता.

शिवसेनेचं म्हणशील तर १९९८ ते २००४ ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर होते. राज्यसभेचे खासदार आमदार निवडतात, आणि उमेदवार त्या राज्यातला मतदार असावा अशी तेव्हा अट होती, मातृभाषेची नव्हती. नंदी मुंबईकर झालेले होतेच. बाळासाहेबपण मुळात वर्तमानपत्रातले, फ्री प्रेस जर्नल या इंग्रजी दैनिकात व्यंगचित्रं काढायचे, नंतर १९६० ला मार्मिक हे साप्ताहिक काढलं, त्यामुळे एका संपादकाशी त्यांचं जमणं मला तरी आश्चर्याचं वाटत नाही. मराठीच्या मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या पक्षाने बंगाली माणूस पाठवला याचं नवल मात्र तेव्हा खूप जणांना वाटलं होतं, तुझा प्रश्न काही चुकीचा नाही.

सिनेमाचं थोडक्यात सांगते, १९९३ ला त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि कांटे, झंकार बीट्स, चमेली असे पिक्चर काढले. प्राण्यांसाठीही मनापासून काम केलं. ८ जानेवारी २०२५ ला मुंबईत त्यांचं निधन झालं, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस एका आठवड्यावर होता.

आता तुझं शिकायचं. ती किशोरकुमारची मुलाखत मिळव आणि आधी सलग वाचून काढ. मग पेन्सिल घे, फक्त नंदींच्या प्रश्नांखाली रेघा मार आणि दुसऱ्यांदा तेवढंच वाच. प्रश्न किती छोटे आहेत आणि पुढचा प्रश्न आधीच्या उत्तरातूनच कसा निघतो ते बघ. मग घरातल्याच कोणाची तरी तशी मुलाखत घे, बाबांपासूनच सुरुवात कर, आणि मला पाठव. मी नक्की वाचेन.